भाव आणि पगार



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी कामगार यांच्यावरच बोलणार, असा एक समज आहे. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांचीही तीच अपेक्षा असावी. मी ‘खेळाडूंचा लिलाव आणि पगाराची मर्यादा’ असे म्हणताच ते क्षणभर थांबले आणि मग म्हणाले, ‘चालेल, तरुण मुले तरी येतील.’ मुले आली आहेत. मागे उभी आहेत. त्यांना एवढेच सांगतो की, मी कबड्डीतला जाणकार नव्हे. पण ज्या गोष्टीवर तुम्ही एस.टी. स्टँडवर तासन्‌तास बोलता, अमुक संघ तमुकला सोडणार, तमुकला इतके कोटी मिळणार, त्या गोष्टी माझ्या धंद्यातल्या आहेत. मजुरी कशी ठरते, ती कोण ठरवतो आणि ठरवताना कोण कोणाला घाबरवतो, हे पाहण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत.

प्रथम एका शब्दाकडे लक्ष वेधतो. वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘अमुक खेळाडू दोन कोटींना विकला गेला.’ आपण तो वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. बाजारात बांगड्याला भाव असतो. बांगडा विकणारीला नसतो. आंब्याच्या पेटीला भाव असतो. पेटी डोक्यावरून टेम्पोत चढवणाऱ्याला मजुरी असते. वस्तूला भाव आणि माणसाला पगार, ही आपल्या भाषेची जुनी शिस्त आहे. खेळाडूच्या बाबतीत ती मोडली, आणि मोडली हे आपल्या कानाला खटकलेदेखील नाही. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. भाव विकणारा आणि विकत घेणारा मिळून ठरवतात, वस्तूला कोणी विचारत नाही. पगार ठरतो तेव्हा ज्याला तो मिळायचा त्याचे तोंड उघडे असते, निदान असायला हवे.

आपल्या जिल्ह्यात कबड्डी कोणाला शिकवावी लागत नाही. भाताची कापणी झाली की शेतात मैदान आखले जाते आणि गावोगावचे संघ टेम्पोतून येतात. ही हुतूतूची माती २६ जुलै २०१४ रोजी दूरदर्शनच्या पडद्यावर मॅट होऊन आली. प्रो कबड्डी लीग सुरू झाली ती आठ संघांनिशी; २०१७ पासून संघ बारा झाले. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार रुपये. त्या वेळी लोकांनी तोंडात बोटे घातली. २०१७ साली नितीन तोमरला ९३ लाख मिळाले. २०१८ साली सहा जणांनी कोटीची रेघ गाठली, त्यात मुंबईचा रिशांक देवाडिगा होता, १ कोटी ११ लाखांचा. त्याच लिलावात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांना गेला. त्या हंगामात त्याने अशा चढाया केल्या की पुढच्या साली त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. आणि २०२३ साली पवन सेहरावत २ कोटी ६० लाख ५० हजारांवर पोहोचला. शेतकऱ्यांच्या, शिपायांच्या, रिक्षावाल्यांच्या पोरांना एवढे पैसे मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. कामगाराला जास्त मिळाले म्हणून नाक मुरडणारा मी नव्हे.

आता हिशेब करू. हिशेब केल्याशिवाय आमच्या धंद्यात कोणी बोलत नाही. २०२३ च्या त्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी ५ कोटी रुपयांची थैली ठरवून दिलेली होती. त्यापलीकडे एक रुपयाही नाही. संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू ठेवायचे. खेळाडूंचे चार वर्ग केलेले, अ, ब, क आणि ड. मूळ किंमत अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख. तेलुगू टायटन्सने पवनवर २ कोटी ६० लाख ५० हजार खर्चले. थैलीत उरले २ कोटी ३९ लाख ५० हजार. संघ अठराचाच ठेवला असे धरले तरी उरलेल्या सतरा जणांच्या वाट्याला सरासरी चौदा लाख येतात. म्हणजे एका माणसाचा पगार उरलेल्या सगळ्या संघाहून जास्त. त्या हंगामात टायटन्स २२ सामन्यांपैकी २ जिंकले आणि शेवटच्या क्रमांकावर राहिले. यात पवनचा दोष मी काढत नाही. सात जणांचा खेळ एकट्याने जिंकता येत नाही, एवढेच ते आकडे सांगतात.

त्याच हंगामात आपला पुणेरी पलटण संघ विजेता ठरला. त्यांनीही इराणच्या महंमदरझा शादलूवर २ कोटी ३५ लाख मोजले होते. मग त्यांचा संघ बळकट कसा राहिला? अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही तरुण पोरे त्या लिलावात गेलीच नाहीत; संघाने ती नियमाप्रमाणे आपल्याकडे राखून ठेवली होती. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच. पण माझ्यासारख्या माणसाच्या मनात लगेच दुसरा प्रश्न येतो. राखून ठेवलेल्या पोराला बाहेर जास्त मिळाले असते काय? ते त्याला कधी कळणार? राखणे म्हणजे प्रेमाने ठेवून घेणेही असते आणि दाराला कडी घालणेही असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

इथे कोणी म्हणेल की, मग ही थैलीची मर्यादाच काढून टाका. मी तसे म्हणत नाही. मर्यादा नसेल तर ज्याच्या खिशात जास्त पैसा, तो सगळे चांगले खेळाडू गोळा करील आणि सामना सुरू होण्यापूर्वीच निकाल लागेल. बारा संघांत चुरस राहावी, पाटण्याने आणि जयपूरनेही जिंकावे, यासाठी मर्यादा उपयोगी आहे हे मी मान्य करतो. माझा प्रश्न मर्यादेबद्दल नाही. ती कोणी बसून ठरवली, आणि ती ठरवताना गल्ला कोणी मोजला, हा माझा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला अमेरिकेत आणि तेही बास्केटबॉलकडे जावे लागते. म्हसळ्यात हा खेळ फारसा दिसत नाही. पण आपल्यापैकी अनेकांचे मामा-चाचा मुंबईत नागपाड्याला राहतात, त्यांना मस्तान तलावाचे मैदान ठाऊक असेल. तिथल्या गल्ल्यांतून आलेला अब्बास मुंतसिर भारताचा कर्णधार झाला आणि त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हा खेळ परका नाही. फक्त त्या देशात त्याचा धंदा फार मोठा झाला, आणि धंदा मोठा झाला म्हणून भांडणही मोठे झाले.

तिथल्या व्यावसायिक लीगची सुरुवात १९४६ साली झाली. पहिल्याच हंगामात संघमालकांनी आपापसांत ठरवून टाकले की, एका संघाने सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून ५५ हजार डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. ही मालकांची मर्यादा होती. एका हंगामात मोडली. पण मर्यादा मोडली तरी दुसरी बेडी राहिली. करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. मालक त्याला दुसऱ्या संघाला देऊ शके, त्याच्या बदल्यात दुसरा घेऊ शके, पण तो स्वतःहून कुठे जाऊ शकत नसे. आपल्याकडच्या खोतीच्या कुळाला हे समजावून सांगावे लागले नसते.

१९५४ साली बॉस्टनचा बॉब कूझी या नामांकित खेळाडूने इतरांना पत्रे लिहून खेळाडूंची संघटना उभी केली. मालकांनी तिला सहजासहजी दाद दिली नाही. मागणी काय होती? पेन्शन. गुडघे गेल्यावर काय खायचे, याचे उत्तर. मग १४ जानेवारी १९६४ चा दिवस आला. बॉस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता. रात्रीच्या मुख्य वेळेत तो देशभर दूरचित्रवाणीवर दिसणार होता. बाहेर बर्फ पडत होते, आत प्रेक्षागृह भरलेले, आणि वीस खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर येईनात. पेन्शनचा शब्द मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. वाहिनीचे लोक म्हणू लागले की, सामना आत्ता सुरू झाला नाही तर आम्ही दाखवणार नाही. लॉस एंजलिसच्या संघाच्या मालकाने आपल्या खेळाडूंना धमकावणीचा निरोप आत पाठवला. या निरोपाने जे व्हायचे तेच झाले. जे दोन-चार डळमळत होते तेही घट्ट झाले. संपाच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला धमकी देऊ नये, हे मालकांना कुठल्याच देशात कोणी शिकवत नाही असे दिसते. अखेर लीगचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनी खोलीत येऊन पेन्शनचा शब्द दिला आणि सामना काही मिनिटे उशिरा सुरू झाला.

त्या रात्री सर्वोत्कृष्ट ठरलेला खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन पुढे संघटनेचा अध्यक्ष झाला. १९७० साली त्याच्या नावाने दावा दाखल झाला की, खेळाडूला जन्मभर एका संघाला बांधून ठेवणे हा बेकायदा व्यवहार आहे. सहा वर्षे खटला चालला. १९७६ साली तडजोड झाली आणि करार संपल्यावर खेळाडूला दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी होऊ लागली.

आता खरी गोष्ट. वाट मोकळी होताच पगार वाढले आणि काही संघ बुडू लागले. मालक पुन्हा मर्यादा मागू लागले. १९८३ साली संघटना टेबलावर बसली आणि म्हणाली, मर्यादा घ्या, पण लीगच्या उत्पन्नातला ५३ टक्के वाटा खेळाडूंचा, हे करारात लिहा. त्या करारातून १९८४–८५ च्या हंगामात प्रत्येक संघाला ३६ लाख डॉलरची मर्यादा आली. २०२५–२६ साली तीच मर्यादा साडेपंधरा कोटी डॉलरच्या घरात गेली. का वाढली? मालकांना पाझर फुटला म्हणून नव्हे. मर्यादा गल्ल्याला बांधलेली आहे म्हणून. गल्ला वाढला की ती आपोआप वाढते. शिवाय तिला खालची कडही आहे. संघाने मर्यादेच्या निदान ९० टक्के खर्च केलाच पाहिजे. आपल्याकडे १९६५ च्या बोनस कायद्याने हीच युक्ती केली होती, किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के. वरची कड मालकासाठी, खालची कामगारासाठी.

ही संघटना म्हणजे रामराज्य असे मी सांगत नाही. २०११ साली मालकांनी टाळे ठोकले, हंगाम ८२ सामन्यांचा ६६ वर आला, आणि खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून निम्म्याच्या आसपास उतरला. हरलेही ते. पण हरले ते टेबलावर बसून, आकडे समोर ठेवून हरले. न बोलावताच हरणे आणि बोलून हरणे यांत फरक आहे. ज्यांनी १९८२ चा गिरणी संप घरात सोसला आहे, आणि या सभागृहात अशी घरे असणार, त्यांना हरण्याची किंमत मी सांगायला नको.

आता आपल्याकडे परत येऊ. कबड्डी लीगच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२१ साली पाच हंगामांसाठी ९०० कोटी रुपयांहून अधिक रकमेला गेले. म्हणजे हंगामाला १८० कोटींवर. बारा संघांच्या थैल्या एकत्र केल्या, पाच कोटी गुणिले बारा, तर होतात ६० कोटी. प्रक्षेपणाच्या एकट्या रकमेचा तिसरा हिस्सा. तिकिटे, जाहिराती, पुरस्कर्ते त्यात धरलेले नाहीत. न्यायाने बोलायचे तर मैदाने, प्रवास, शिबिरे, पंच, बक्षिसे हा खर्चही मोठा आहे. एक तृतीयांश कमी की पुरेसा, हे मी या व्यासपीठावरून ठरवणार नाही. त्यात आणखी एक गाठ आहे. हक्क विकत घेणारी वाहिनी आणि लीग चालवणारी कंपनी ही माणसे परकी नव्हती. त्या कंपनीत मोठा हिस्सा वाहिनीचाच होता. डाव्या हाताने उजव्या हाताला पैसे दिले, तर रक्कम बरोबर होती की नाही हे सांगायला तिसरा माणूस लागतो. अमेरिकेत तो तिसरा माणूस म्हणजे खेळाडूंची संघटना. आपल्या थैलीच्या मर्यादेवर खेळाडूंच्या कोणत्याही संघटनेची सही नाही. पाच कोटी हा आकडा बरोबरही असेल, पण तो खेळाडूंशी करार करून आलेला नाही.

अलिबागजवळच्या चरीचा संप आपल्या जिल्ह्यातला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे पंचवीस गावांतल्या कुळांनी शेत नांगरले नाही. जंगलातली लाकडे तोडून पोटे भरली, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. भांडण कशाचे होते? भात पिकवायचे कुळाने, आणि त्यातले कुळाकडे किती राहायचे हे ठरवायचे खोताने. कुळाच्या वाट्याला मर्यादा होती, खोताच्या वाट्याला नव्हती. कबड्डीपटू आणि चरीचे कूळ यांची बरोबरी मी करत नाही. एक उपाशी होता, दुसरा पोटभर जेवतो. पण वाटणी कोणी करायची हा प्रश्न मात्र तोच आहे.

आता वावड्यांकडे येतो, कारण मुले त्यासाठीच थांबली आहेत.

लिलाव जवळ आला की बातम्या सुटू लागतात. अमुक संघ अमुकला राखणार नाही. तमुकचा खांदा अजून बरा नाही म्हणे. या वावड्या कोण सोडतो? माझा अनुभव असा की, वावडीला नेहमी एक मालक असतो. मागे एका रासायनिक कारखान्यात आमचा वेतनकरार संपत आला होता. बरोबर त्याच महिन्यात कॅन्टीनमध्ये कुजबूज सुरू झाली की, कारखाना गुजरातला हलणार. बायकामुले रडकुंडीला आली. आमच्यातला एक गेटवरचा माणूस अंगठाछाप, पण डोक्याने तल्लख. तो म्हणाला, ‘साहेब, गेल्या पंधरवड्यात कच्च्या मालाचे किती टँकर आत आले ते मी मोजलेत. बंद पडणारा कारखाना सहा महिन्यांचा माल भरून ठेवत नाही.’ आम्ही तेवढे एकच वाक्य टेबलावर ठेवले. वावडी तिथेच विझली आणि करार झाला.

मर्यादेच्या खेळात वावडीला जास्त जोर येतो, कारण थैली एकच असते. एकाला दिलेला रुपया दुसऱ्याच्या पानातला असतो. म्हणून ‘त्याला आम्ही सोडणार’ असे सोडून दिले की, दोन माणसे नरम पडतात, ज्याच्याविषयी बोलले तो आणि ज्याला घ्यायचे तो. अमेरिकेतही वावड्यांचा नुसता सुळसुळाट आहे. मालकही सोडतात आणि खेळाडूंचे दलालही सोडतात. पण तिथे एक सोय झाली आहे. प्रत्येकाच्या कराराचा आकडा सर्वांना माहीत असतो, आणि मर्यादेवर गेलेल्या संघांना अदलाबदल करायची तर दोन्हीकडच्या पगारांची जवळपास जुळणी व्हावी लागते. त्यामुळे ज्याला बेरीज-वजाबाकी येते असा शाळकरी पोरगासुद्धा सांगू शकतो की, ही बातमी शक्य आहे आणि ही थाप आहे. आमच्या गेटवरच्या माणसाने टँकर मोजले, ते पोरगे डॉलर मोजते.

उघड्या आकड्यांनी सगळेच साधत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसच्या संघाने लुका डॉन्चिच हा आपला पंचवीस वर्षांचा पहिल्या प्रतीचा खेळाडू मध्यरात्री लॉस एंजलिसला देऊन टाकला. ना वावडी, ना कुणकुण. त्याला स्वतःलाही आधी पत्ता नव्हता. एवढ्या बलवान संघटनेच्या देशात हे घडले. पगार शाबूत राहिला, करार जसाच्या तसा त्याच्याबरोबर गेला. पण कुठे राहायचे, हे त्याच्या हातात राहिले नाही.

आणि आपल्याकडे? क्रिकेटमधले एक उदाहरण पुरे आहे. रवींद्र जडेजा पहिली दोन वर्षे राजस्थानकडून खेळला. पुढचा करार करण्याआधी त्याने दुसऱ्या संघाशी बोलणे केले, एवढ्यावरून २०१० चा सगळा हंगाम त्याला बाहेर बसवले गेले. नियम मोडला हे खरे. पण नियम काय होता? कामगाराने दुसरीकडे पगार विचारू नये. दोनच वर्षांनी लिलावात चेन्नईने त्याच्यासाठी २० लाख डॉलर मोजले. त्याने विचारले तेव्हा गुन्हा, मालकांनी बोली लावली तेव्हा बाजार. माणसाला उघडपणे बोलणी करता येत नसतील, तर त्याच्या वतीने वावडीच बोलणार. मग वावडीबद्दल तक्रार कशाला?

‘अहो, या कोट्यधीशांची कसली युनियन?’ हा प्रश्न मला रोज विचारला जातो. १९६४ साली बॉस्टनलाही विचारला गेला होता. याचे उत्तर यादीच्या तळाशी आहे. कोटीच्या वर जाणारे बोटांवर मोजण्याएवढे. २०२५ च्या लिलावात ते दहा होते. बाकीचे दीड-दोनशे जण मधल्या आणि खालच्या वर्गातले. आणि वरच्यांचे तरी काय? तोच पवन सेहरावत २०२४ साली १ कोटी ७२ लाख ५० हजारांवर आणि २०२५ साली ५९ लाख ५० हजारांवर आला. परदीप नरवालने या लीगमध्ये चढाईचे सर्वांत जास्त गुण मिळवले. २०२१ साली त्याच्यावर १ कोटी ६५ लाखांची बोली लागली होती. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणी हात वर केला नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच्यासाठी काही कमीजास्त मिळकत मागे असेल. ड वर्गातल्या पोराचा गुडघा त्याच दिवशी गेला तर मागे काय असते?

पूर्वीची रीत वेगळी होती. नागपाड्याची बास्केटबॉलची पोरे असोत की परळ-लालबागची कबड्डीची, खेळावर त्यांना रेल्वेत, बँकेत, पोलिसात नोकरी लागायची. सकाळी सराव, दुपारी टेबल, संध्याकाळी सामना. कोटी कोणी स्वप्नातही पाहिले नाहीत. पण प्रॉव्हिडंट फंड होता, आजारपणाची रजा होती, निवृत्तीनंतर दर महिन्याला काही येत होते. त्यांना भाव नव्हता, पगार होता. ती रीत आजही पुरती संपलेली नाही. पण पोरांच्या डोळ्यांत ती आता भरत नाही, आणि त्याबद्दल पोरांना दोष देता येत नाही.

भगिनींसाठी एक गोष्ट सांगून पुढे जातो. सांगलीच्या स्मृती मानधनावर २०२३ साली महिलांच्या क्रिकेट लीगच्या पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. थैली १२ कोटींची होती. कबड्डीत मात्र २०१६ साली तीन संघांची महिलांची एक स्पर्धा पुरुषांच्या लीगसोबत झाली, आणि ती पुढे चालू राहिली नाही. आपल्या जिल्ह्यात मुली कमी खेळतात असे कोणी म्हणेल काय? त्यांच्यापुढे भाव की पगार हा प्रश्नच अजून आलेला नाही.

संघटना करायला किती माणसे लागतात? १९२६ च्या कायद्याने नोंदणीच्या अर्जावर निदान सात सह्या मागितल्या होत्या. कबड्डीतही मैदानात सातच असतात, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. खेळाडू कायद्याच्या अर्थाने कामगार ठरतो की नाही, यावर वकील पुष्कळ दिवस भांडतील. भांडू देत. तोवर खेळाडूंना साधी मंडळी म्हणून एकत्र येण्यापासून कोणी अडवलेले नाही. नामांकितांनी पुढे व्हावे, कारण त्यांना सहज काढता येत नाही. कूझी त्या वेळी बॉस्टनचा सर्वांत लाडका खेळाडू होता, म्हणून त्याची पत्रे लोकांनी वाचली. नवख्याने ती लिहिली असती तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवला असता.

पण ते होईल तेव्हा होईल. तळा, माणगाव, श्रीवर्धन, म्हसळा इकडच्या मैदानांवरून उद्या एखादे पोर निवडले जाईल आणि त्याच्या हातात पंधरा-वीस पानांचा इंग्रजी करार येईल. घरचे पेढे वाटायला निघतील. पेढे वाटा, पण सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारा. सामन्यात नव्हे, सरावात गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, आणि त्या हंगामाचा पगार पूर्ण मिळणार की खेळलेल्या दिवसांपुरता? हंगाम संपल्यावर संघ त्याला राखणार असेल, तर किती वर्षे आणि कोणाच्या आकड्यावर. त्याची संमती लागणार की नाही? मधला माणूस जो ओळख करून देतो, त्याचा हिस्सा कशावर, एकदाच की दर वर्षी? जाहिरातीत त्याचा चेहरा वापरला तर त्याचे पैसे कोणाला? आणि हंगाम नसलेल्या महिन्यांत तो गावच्या स्पर्धेत उतरू शकेल का, की तेवढ्यासाठीही परवानगी लागेल? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण आपल्याकडच्या अर्ध्या स्पर्धांचे नशीब त्यात आहे.

उत्तरे तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. कागद समजला नाही तर दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी इथल्याच वाचनालयात असतो, घेऊन या; दोघे मिळून वाचू. माझे इंग्रजी शब्दकोशातले आहे, त्यामुळे वेळ लागेल, पण एकही ओळ सुटणार नाही.